चौथ्या दिवसाचं पाणी

तोतारामनं पाट फोडला तेव्हा जीवरामची बायको कुंदा निंबाखाली बसून पोरीला पाजत होती. फावड्याचे दोनच घाव. ओल्या मातीचा लगदा बाजूला पडला आणि जीवरामच्या गव्हाकडे चाललेलं पाणी वळून बांधाखालच्या त्याच्या स्वतःच्या केळीत शिरलं. पाण्याला काय, उतार दिसला की ते कुणाचंही.

मोट हाकता हाकता धावेच्या उतारावरून जीवरामनं ते पाहिलं. बैल तसेच सोडून तो उड्या टाकत आला.

"भाऊ, पाट बांध."

"आज चौथा दिवस आहे, जीवा."

"मले ठाऊक आहे. साहेब येऊन जाऊ दे. मंग दोन दिवस घे, चार दिवस घे."

"मंग काय करू पाणी? केळीच्या तेराव्याले घालू?"

जीवरामनं फावड्याला हात घातला. तोतारामनं सोडलं नाही. दोघं चुलतभाऊ, एका आजाच्या मांडीवर वाढलेले, एका दांड्याला धरून बैलांसारखे फुरफुरत राहिले. मग दांडा निसटला आणि तोतारामच्या कानशिलावर लागला. रक्त आलं. त्यानं जीवरामचा गळा धरला. दोघं पाटात पडले. पाट तो केवढा, हातभर रुंद, वीतभर खोल. पण माणूस मरायला वीतभर पाणी पुष्कळ. जीवराम वर आला, त्यानं भावाचं डोकं दोन्ही हातांनी पाण्यात दाबलं आणि दाबूनच धरलं.

कुंदा धावली. पोर छातीशी तशीच, दूध पोरीच्या गालावरून ओघळतंय. "सोडा! अहो, सोडा त्यांना!" ती त्याच्या तोंडासमोर जाऊन ओरडली. जीवराम तिच्याकडे पाहत होता, आणि त्याला ती दिसत नव्हती. गढूळ पाण्यातून बुडबुडे येत होते. मोठे येत होते, मग बारके यायला लागले.

सालदार सुपडू आणि सासरे उखर्डू आबा दोघांनी मिळून त्याला ओढलं. आबांनी त्याच्या केसांना धरलं तेव्हा कुठे बोटं सुटली. तोताराम पाटाच्या काठावर पालथा पडून चिखल ओकला. किती तरी वेळ ओकत होता. मग बसला, तोंड पुसलं आणि विहिरीकडे बोट करून म्हणाला, "माझ्या सहीची विहीर हाये ती. माझ्या सहीची."

ते खोटं नव्हतं.

मागच्या साली सरकारनं धान्य वाढवायचं मनावर घेतलं होतं. चावडीवर तालुक्याचे शेतकीसाहेब आले. म्हणाले, नवी विहीर खणा, निम्मा खर्च सरकार देईल, आणि दिलेलं परत मागणार नाही. गावाला आधी हसू आलं. सरकार घेतं हे सगळ्यांनी पाहिलेलं. देतं आणि परत मागत नाही, हे कुणाच्या बापानं ऐकलेलं नव्हतं. पण साहेबांनी कागद दाखवले. गावाला पहिल्या वर्षी एकच विहीर. जागा पाहून उखर्डू आबांचं नाव निघालं. शेजारच्या शेतकऱ्याची हरकत नाही अशी सही लागत होती. शेजार तोतारामचा. तो चार बुकं शिकलेला. अंगठा नाही लावला त्यानं, दौतीत टाक बुडवून ऐटीत पूर्ण नाव लिहिलं, आणि वर आबांना म्हणाला, "काका, पाणी लागलं तर बासुंदी पाहिजे. गुळावर भागणार नाही."

सरकारी सुरुंगाची दारू आली. तोतारामची जुनी विहीर आठ परस खोल. नवी अकराव्या परसाला गेली, कातळ फुटला, आणि पाणी असं उसळलं की खणणारे पहारी खालीच टाकून वर आले. गावानं बासुंदी खाल्ली. आणि चौथ्या दिवशी तोतारामच्या विहिरीतलं पाणी हात हात खाली जायला लागलं. महिन्याभरात तळाचे बेडूक वरून मोजता यायला लागले.

झरा एकच होता. खोल विहिरीनं उथळ विहिरीचं ओढून घेतलं. कुणी चोरी म्हटलं नाही. चोरी नव्हतीच ती. पण आबा संध्याकाळी आपण होऊन पुतण्याच्या ओसरीवर गेले आणि म्हणाले, "दर चौथा दिवस तुझा. मोट माझी, बैल माझे, पाणी तुझं." कागद झाला नाही. पाण्याचा कागद त्या गावात कधी झालाच नव्हता. विहिरीचं पाणी शब्दावर चालायचं.

चार महिने चाललंही. माघात पहिला हप्ता मिळाला, तेव्हा शेतकीसाहेबांनी चावडीवर सगळ्यांसमोर चष्मा काढून बजावलं. "ही विहीर सरकारनं धान्यासाठी दिली आहे. केळीला एक थेंब जाता कामा नये. गेला, तर दुसरा हप्ता बंद आणि पहिला वसूल. मी फाल्गुनात गहू उभा असताना स्वतः येऊन बघणार आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. चावडीवर साहेबाला दुसऱ्यांदा विचारायची गावात रीत नव्हती. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तुम्ही खोटं बोलता असं तोंडावर म्हणणं. विहिरीचं पाणी केळीला नाही, एवढं सगळ्यांना कळलं. कुणाच्या केळीला, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. विहीर एक, तिचं पाणी एक.

तोतारामची केळी त्याच वेळी निसवत होती. खोडाच्या पोटातून लाल कमळं बाहेर पडून माना खाली घालत होती. गर्भार बाईला नववा महिना लागावा आणि घरातलं पाणी संपावं, तसं झालं. साहेब सोमवारी येणार होते. सोमवार गेला. मग निरोप आला, शिमग्यानंतर. दोन पाळ्या चुकल्या. तिसऱ्या पाळीला तोतारामनं फावडं उचललं.

*

त्या दिवशी घरी आल्यावर जीवराम अंगणात बसून तळहात उलटेपालटे करून बघत होता, हे कुणाचे असं विचारल्यासारखा. पोरगी रांगत जाऊन त्याच्या पायाला धरून उभी राहिली, तर त्यानं हात मागे लपवले.

कुंदाला लग्नानंतरचा पहिला शिमगा आठवला. फैजपूरच्या बाजारात एका गाडीवानानं जीवरामच्या बैलाला चाबूक मारला होता. जीवरामनं जूची शिवळ, ती जाड लाकडी खुंटी, उपसली. तो गाडीवान महिनाभर भुसावळच्या दवाखान्यात पडून होता. वाचला, म्हणून हा घरी आहे. आबांनी तेव्हा नव्या सुनेला चुलीपाशी बोलावून सांगितलं होतं, "पोरी, हा वाईट नाही. पण याचा हात वर गेला का याले माणूस दिसत नाही. तू दिसत जा."

आज ती समोर होती आणि दिसली नव्हती. तेव्हापासून तिच्या पोटात एकच गोष्ट बसली. केळी जाओ, गहू जाओ, विहीर बुजून जाओ, पण या हातानं माणूस मरायला नको. मेला, तर एकाला जाळतील, एकाला फाशी देतील, आणि दोन घरची पोरं दोन दारांत बसतील.

दुसऱ्या दिवशी नदीवर तोतारामची बायको बेबाबाई भेटली. कुंदाची जेठानी. ती धुणं दगडावर असं आपटत होती की काठावरची बाई बाजूला सरकली.

"या, सरकारच्या सूनबाई," बेबाबाई म्हणाली. "तुमच्या गव्हाले म्हणे साहेब ओवाळाले येऊ राहिला."

"अक्का, दोन दिवस. साहेब आले का..."

"साहेब येईल तवा येईल. घड मानेतून मोडू राहिले, कुंदे. काल सात मोडले. मी हातानं उचलून धरते त्याहीले, बांबू लावते. दुसऱ्या दिवशी खोडच मधून वाकलेलं." तिनं धुणं पिळलं. पिळता पिळता तिचा आवाज खाली आला. "तुले तापात अकरा दिवस शुद्ध नव्हती. तुझी पोर माझ्या अंगावर प्याली. माझं पोरगं एका बाजूले, तुझी एका बाजूले. तवा मी म्हणले का, थांब, साहेब येऊ दे?"

कुंदानं वाकून आपलं धुणं पाण्यात सोडलं.

घरी आल्यावर तिनं जीवरामच्या ताटात भाकरी टाकताना विषय काढला. आडून नाही, सरळच. "पहाटे पहाटे दोन वाफे भिजवले तर कोणाले कळते?"

"तलाठी वाटेवर राहतो. त्याले कळते." जीवराम भाकरीकडे बघत बोलला. "विहिरीले अजून बांधकाम नाही. नुसता मातीचा गळा हाये वर. दुसरा हप्ता आला नाही, तर पावसाळ्यात ढासळते ती. मंग ना त्याले पाणी, ना आपल्याले. मी कोणासाठी मरू राहिलो? त्याच्यासाठीबी मरू राहिलो. पण त्याले वाटते, मी..." ताट सारून तो उठला.

खरं म्हणजे हेच बोलणं त्यानं भावाच्या ओसरीवर जाऊन बोलायचं होतं. पण पाटातल्या त्या वीतभर पाण्यानंतर कोण कुणाच्या ओसरीवर जाणार.

*

धुळवडीच्या सकाळी कुंदा न्याहारी घेऊन शेताकडे निघाली. पोर कडेवर, डोक्यावर टोपली. गाव रंगात होतं. ढोल वाजत होता. नाल्याच्या उतारावर ती पोचली आणि ढोलाच्या वरून एक आवाज आला. आधी तिला तो बाईचा वाटला. बाई बाळंत होताना शेवटी शेवटी जशी ओरडते, तसा. मग कळलं, बैल आहे.

धावेच्या खालच्या टोकाला लाख्या पडला होता. पांढरा बैल, कपाळावर लाखेसारखा ठिपका, म्हणून लाख्या. मागच्या दोन्ही पायांच्या शिरा घोट्याच्या वर तुटल्या होत्या. पुढच्या पायांवर तो उठायचा, अर्धा उठायचा, आणि मागचं धड चिखलाच्या पोत्यासारखं खाली यायचं. परत उठायचा. जोडीचा बैल दोर ताणून डोळे पांढरे करून उभा. मोट विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत होती. सुपडू लांब बांधावर दोन्ही हात डोक्यावर धरून उभा होता आणि "बाप रे, बाप रे" एवढंच म्हणत होता.

तोताराम तिथेच होता. कुऱ्हाड हातात, धोतरावर रक्त. पळाला नव्हता. कुंदाला पाहून त्यानं नजर खाली घातली. जेठानं भावजयीसमोर घालावी तशी, रोजच्या रीतीनं. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो वाटेनं गावाकडे चालू लागला, दिवसाचं काम आटोपून घरी जाणाऱ्या माणसासारखा.

मोटेला दोन बैल लागतात. एकानं ती वर येत नाही. गव्हाला शेवटचं पाणी राहिलं होतं. तोतारामनं काय तोडलं होतं ते त्याला नीट माहीत होतं.

जीवराम आणि आबा मागून आले. जीवरामच्या तोंडावर कुणीतरी लावलेला गुलाल होता. तो लाख्याच्या डोक्यापाशी बसला, धोतराच्या सोग्यानं त्याच्या तोंडाचा फेस पुसला, कानामागे खाजवलं. बैल क्षणभर शांत झाला, त्याच्या मांडीवर डोकं टाकलं. जीवरामनं ते डोकं हळूच जमिनीवर ठेवलं. मग झोपडीत गेला आणि लाकडं फोडायची कुऱ्हाड घेऊन बाहेर आला.

आबांनी वाटेत आडवं पडून त्याचे पाय धरले. "जीवा, माझं मढं ओलांड."

त्यानं ओलांडलं.

कुंदा मागून धावली. टोपली कुठे पडली तिला कळलं नाही. अनवाणी, पोर कडेवर हिंदकळतेय, पदर खांद्यावरून घसरलाय. पोरीला वाटलं खेळ चाललाय. ती हसत होती. नाला, पाणंद, गावाची वेस. ढोलवाले जीवरामचं तोंड पाहून बाजूला झाले. एकानं ढोलावर टिपरू उचललं, ते तसंच वर राहिलं. कुणी आडवं आलं नाही. कुणी "अरे" म्हटलं नाही. सगळे नुसते भिंतींना लागले. गावाचा तिला तेव्हा जो राग आला, तो तिला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही.

तोताराम ओसरीवर बसला होता. कुऱ्हाड त्यानं अंगणाच्या दुसऱ्या कडेला, हाताला लागणार नाही अशी उभी करून ठेवली होती. वाट बघत होता. ओसरीच्या खाली उखळात मिरच्या होत्या. बेबाबाई कांडत होती. नवरा काय करून आलाय ते नुकतंच तिला कळलं असावं, कारण मुसळ टाकून पोराला उचलून ती नवऱ्याच्या पुढे झाली.

"जीवरामभाऊ, तुमच्या पाया पडते. बैल भरून देतो आम्ही. आमची जोडी घेऊन जा. दोन्ही घेऊन जा..."

जीवरामनं तिला डाव्या हातानं बाजूला लोटलं. ती उखळावर पडली. पोराचं कपाळ उखळाच्या काठावर आपटलं आणि टरकन फुटलं. पोर आधी गप्प झालं. मग किंचाळलं. लाल मिरची आणि लाल रक्त, दोन्ही एका जागी सांडलं.

तोताराम उभा राहिला. हात रिकामे. "त्याहीले हात लावू नको. मी इथी हाये." आणि मान थोडी पुढे केली.

कुंदा समोर जायला धावली. दिसायला धावली. आणि अर्ध्या अंगणात तिला कळून चुकलं की जीवरामचे डोळे पाटातल्या दिवसासारखे झालेत. ती समोर गेली तर तिच्यातून आरपार बघून तो घाव घालणार. दिसण्याचा उपयोग संपला होता.

तिनं पोर बेबाबाईच्या अंगावर टाकली. मुसळ उचललं. जीवरामची कुऱ्हाड वर गेली, आणि कुऱ्हाड वर असतानाच कुंदानं मुसळाचा लोखंडी वेढ्याचा शेंडा त्याच्या मनगटावर सगळ्या ताकदीनं मारला.

आवाज झाला. ऊस मोडल्यासारखा. कुऱ्हाड तोतारामच्या खांद्याला ओझरती घासून ओसरीच्या कडेवर पडली. जीवराम वळला. कुणी मारलं ते न बघताच त्यानं डाव्या हाताची मूठ फेकली. ती कुंदाच्या तोंडावर बसली. ती खाली पडली. त्यानं लाथ घातली. बरगडीत. दुसरी घालायला पाय उचलला आणि खाली पाहिलं.

"कुंदा?"

तिच्या तोंडात दात सुटा झाला होता. तिनं तो रक्तासकट थुंकला. "हं. मीच."

जीवराम मटकन खाली बसला. उजवा पंजा मनगटापुढे वेगळ्याच दिशेला बघत होता. आता कुठे त्याला दुखायला लागलं, आणि त्यानं ओरडायला सुरुवात केली. तोतारामच्या खांद्यातून रक्त वाहत होतं. त्यानं फक्त पाय पुढे करून पडलेल्या कुऱ्हाडीवर ठेवला. बेबाबाईनं दोन्ही पोरांना दोन्ही बाजूंना घेतलं होतं, आपलं आणि कुंदाचं, आणि ती कुणालाच उद्देशून नाही अशा शिव्या देत होती. सरकारला, विहिरीला, दोन्ही पुरुषांना, त्यांच्या आईबापांना. मिरचीच्या ठसक्यानं सगळे खोकत होते. खोकता खोकता रडत होते, की रडता रडता खोकत होते, ते वेगळं करता आलं नसतं.

दुपारी पोलीसपाटील चौकशीला आले. जीवराम धावेवरून पडला, असं तोताराम म्हणाला. तोताराम विळ्यावर पडला, असं आबा म्हणाले. बैल घसरला. पोर उखळावर आपटलं, हे तर खरंच होतं. कुंदाच्या सुजलेल्या तोंडाकडे बघून पाटलांनी विचारलं, "आणि बाई, तुम्ही?"

"धुळवड खेळले," कुंदा म्हणाली.

*

लाख्या तीन दिवस जगला. जीवराम हाडवैद्यानं बांबूच्या कांबी लावून बांधलेला हात गळ्यात अडकवून त्याच्यापाशी बसून राहायचा. कुंदाशी बोलत नव्हता. ती भाकरी कुस्करून भरवायची, तो तोंड उघडायचा. घास देताना तिच्या फुटलेल्या ओठाकडे त्याची नजर जायची आणि लगेच दुसरीकडे जायची. रागावलाय की लाजलाय, तिला कळत नव्हतं. पाचव्या दिवशी साहेब आले.

ते खुशीत होते. टेपनं विहीर मोजली, वाकून पाणी पाहिलं, "वा" म्हणाले. गव्हात शिरून ओंबी चोळली, दाणे तळहातावर फुंकरले, दोन तोंडात टाकले. शेवटचं पाणी मिळालं नव्हतं, तरी काळ्या जमिनीनं ओल धरून ठेवली होती. "उत्तम. दुसरा हप्ता मंजूर करतो. शेजाऱ्याची सही लागेल."

तोतारामला तलाठ्यानं आणलेलंच होतं. तो बांधावर उभा होता, खांद्याला फडकं बांधलेलं. जीवराम त्याच्यापासून दहा पावलांवर. कुंदा आणि सुपडू झोपडीच्या सावलीत. तोताराम पुढे आला, टाक घेतला, नाव लिहिलं. या खेपेला फार बारीक अक्षरात.

उखर्डू आबांना राहवलं नाही. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि छाती काढून म्हणाले, "साहेब, तुमचा शब्द पाळला. भावकीत वाईटपणा घेतला, पण या विहिरीचा एक थेंब शेजारच्या केळीले दिला नाही."

साहेबांनी चष्म्यावरून बांधापलीकडे पाहिलं. उभ्या केळीत निम्मी खोडं मधून वाकलेली, पानं सुतळीसारखी लोंबणारी. "नाही दिला? का बरं?"

तलाठ्यानं आबांकडे पाहिलं.

"अहो, अट तुमच्या सर्व्हे नंबरापुरती आहे. या नंबरात केळी नको, धान्य हवं, एवढंच. शेजारच्या नंबरात पाणी द्या, नाही तर नदीत सोडा, सरकारला काय करायचंय?" साहेब हसले. "विचारायचं तरी एकदा."

आबांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूहळू खाली बसले, जमिनीला हात टेकवत, जसं बसताना कुठे जमीन आहे की नाही याची खात्री नसावी. जीवराम लाख्या पडला होता त्या जागेकडे पाहत होता. रक्तानं माती तिथे अजून काळी होती.

तोताराम बांध उतरून आपल्या केळीत गेला. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. धप्. मग पाणी गेलेल्या खोडाचं चिरकणं, आणि पानांसकट झाड आडवं होताना येतो तो लांब सुस्कारा. धप्. परत. धप्.

"हा काय करतोय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब," सुपडू म्हणाला. "मोडलेली काढून टाकतो."

तो मोडलेलीच काढतोय की सगळीच, हे त्या आवाजावरून कळत नव्हतं. कुंदानं कान देऊन ऐकलं. एक, दोन, पाच, नऊ. आवाज थांबत नव्हता. साहेब कागद गुंडाळून गेले तरी थांबला नाही.

"तो बठ्ठीच कापते," जीवराम म्हणाला. पाच दिवसांत पहिल्यांदा बोलला. आणि कुंदाकडे बघून म्हणाला, "मी गेलो तर मले पाहून तो अजून कापेल."

"मग नका जाऊ," कुंदा म्हणाली. "मी जाते."

बांध ओलांडताना तिनं पदर डोक्यावरून घेतला. लग्नाला चार वर्षं झाली, ती जेठाशी एक शब्द बोलली नव्हती. बोलायची पद्धतच नव्हती. पहिल्या ओळीत चांगली, हिरवी खोडंही पडलेली होती. पोटातलं कोवळं कमळ बाहेर येऊन चिकात लडबडलेलं. घामानं निथळणारा तोताराम पुढच्या खोडावर विळा उगारून उभा होता. खांद्याचं फडकं परत लाल झालेलं. हिला पाहून हात वरच राहिला.

ती त्या खोडाला पाठ लावून उभी राहिली. बरगडी दुखत होती म्हणून थोडी वाकून.

"दादा," ती म्हणाली, "हे उभं आहे. याला पाणी लागेल."

विळा खाली यायला फार वेळ लागला. आला, तेव्हा तो मातीत आला. तोताराम तिथेच उकिडवा बसला, गुडघ्यांत डोकं घालून. 

पलीकडून बैलांचे आवाज आले. जीवरामनं आपला उरलेला बैल जुवाला लावला होता. दुसऱ्या बाजूला तोतारामचा तांबडा. तो कुणी आणला, सुपडूनं की खुद्द बेबाबाईनं, ते कुणी विचारलं नाही. दोन बैलांची चाल जुळत नव्हती. मोट वाकडीतिकडी वर आली, अर्धी सांडली, तरी विहिरीवरच्या थारोळ्यात पाणी पडलं आणि पाटाला लागलं. जीवराम डाव्या हातानं कासरा धरून ओरडत होता, आणि त्या ओरडण्यात शिव्या होत्या. बैलांना होत्या.

कुंदानं फावडं घेतलं आणि पाटाचं तोंड फोडलं. पाणी आलं, पण बारं धरायची, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायची, तिला सवय नव्हती. एका वाफ्यात तळं साचलं, दुसरा कोरडा राहिला, बांधाला भगदाड पडलं. ती दोन्ही हातांनी चिखल लोटत होती, बरगडी धरत होती, परत लोटत होती.

मागून कुणीतरी फावडं ओढून घेतलं. बेबाबाई. कडेवर पोर, त्याच्या कपाळावर हळदीची पट्टी.

"हो बाजूले," ती म्हणाली. "बारं धरणं म्हणजे नवऱ्याले मुसळ मारणं नाही. तुझ्यानं व्हत नाही ते." आणि पोर कुंदाच्या हातात देऊन ती पाण्यात उतरली.